आठ रविवारांचं हिरवं कार्ड

अमडापूर, १४ जून १९६१, बुधवार

काल धोंड्याचा महिना संपला. तीन वर्षांतून एकदा येणारा महिना, जावयांच्या मानाचा. आमच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या जावयांना सासरवाडीचं बोलावणं आलं. ज्यांना स्वतःची सही करता येत नाही तेसुद्धा तेहतीस अनारसे खाऊन, नवं धोतर नेसून परत आले. मी भगवान, प्राथमिक शाळेचा हेडमास्तर, एकुलत्या एका लेकीचा नवरा, आणि मला साधं पोस्टकार्ड नाही.

म्हणून आजपासून ही वही. तोंडानं बोललो तर घरात वाद होतो. कागद उलटून बोलत नाही.

सासरे उत्तमराव मोताळ्याला एकटेच असतात. सासूबाई लग्नाआधीच गेल्या, मुलगा नाही. जमीन बरी, मान मोठा आणि ताठा त्याहून मोठा. पौषात चिखलीच्या बाजारात समोरासमोर आले. मी हात जोडून रामराम घातला, तर माझ्याकडे बघत बघत सरळ पुढे निघून गेले. जावयाला ओळख द्यायला काय लागतं? ते मी गिळलं. मग चैत्रात त्यांचं पत्र आलं. ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, अक्षरं लिंबाएवढी, अर्धा मजकूर पत्त्याच्या बाजूला घसरलेला. तिसरीतलं पोर असं लिहीत नाही. घाईघाईत, जावयाला काय लागतं म्हणून खरडलेलं. मी त्यावर लाल शाईनं ‘अक्षर सुधारावे’ असा शेरा मारला, खाली सही केली आणि पाकिटात घालून परत पाठवलं. थोडी गंमत, थोडा राग. पुष्पाला सांगितलं नाही.

त्यानंतर त्यांचं एकही पत्र नाही. माणसाला विनोद कळू नये, म्हणजे कमाल आहे.

१७ जून, शनिवार

भाकरी थापता थापता पुष्पानं विचारलं, “पंचमीले बाबा येतीन न मले न्याले?”

नागपंचमी सोळा ऑगस्टला आहे. आमच्याकडे पंचमीला लेकी माहेरी जातात, पण आपल्या पायानं नाही. माहेराहून न्यायला माणूस यावा लागतो, मुऱ्हाळी. बहुधा भाऊ येतो. पुष्पाला भाऊ नाही म्हणून दर वर्षी उत्तमराव स्वतःच मुऱ्हाळी होऊन यायचे, डोक्याला केशरी पटका बांधून.

“ते आले तर जा,” मी म्हणालो.

“अन् नाही आले तं?”

उत्तर आमच्या आईनं दिलं. “मुऱ्हाळी आल्याबिगर सून धाडत नसतात, बाई. अन् बोलावल्याबिगर जावई जात नसते. लोकं काय म्हनतीन?”

आई झुंबरबाई बोलली की त्यावर अपील नसतं. भाकरी मात्र करपली, आणि ती माझ्याच ताटात आली.

२० जून, मंगळवार

गावात नवीन प्रकार सुरू झालाय. आमच्या रस्त्यावर दोन मोटार कंपन्या चालतात, अंबिका आणि नवयुग. आजवर त्यांचे एजंट प्रवाशांची गाठोडी ओढून भांडायचे. आता त्यांनी कार्डं काढलीत. दर फेरीला शिक्का मारून घ्यायचा, कार्ड भरलं की एक फेरी फुकट, जोडप्याला.

अंबिकाचा एजंट जानराव पिवळं कार्ड घेऊन शाळेच्या फाटकापाशीच उभा होता. “मास्तर, बारा खेपा बुलढाण्याच्या, जाऊन येऊन. मुदत नाही. म्हातारपणी भरलं तरी चालते.”

तेवढ्यात नवयुगचा कडूबा आला. “बारा खेपा होईपर्यंत हेची मोटार भंगारात जाईन. आमच्या आठच. अन् फुकट खेपेले ड्रायव्हरच्या बाजूची सीट, मालकिणीसंग. पण पोळ्याच्या आत सारं उरकाले पाह्यजे.”

दोघांनाही सांगितलं, विचार करून कळवतो. मास्तरानं कुठलीही गोष्ट विचार केल्याशिवाय करू नये.

२२ जून, गुरुवार

विचार केला. मला बुलढाण्याला दोन महिन्यांतून एकदा जावं लागतं, तेही शिक्षण कचेरीनं बोलावलं तर. असा अधूनमधून जाणारा माणूस असेल तर त्यानं मुदत नसलेलं कार्ड घ्यावं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पिवळं कार्ड दोन वर्षांत सावकाश भरेल. हिरव्याला घाई आहे, आणि घाईनं भरायचं तर नको त्या फेऱ्या माराव्या लागतील. म्हणजे फुकटाच्या एका फेरीसाठी आठ फेऱ्यांचा खर्च. शिवाय अंबिकाच्या गाद्या मऊ आहेत आणि ड्रायव्हर शिव्या देत नाही.

सगळं अंबिकाच्या बाजूनं होतं. नवयुगचं कार्ड घेतलं.

पुढची सीट मिळते म्हणून. अंबिका बुलढाण्यापर्यंतच जाते आणि नवयुग पुढे राजूर घाट उतरून मोताळा, मलकापूर करते, हा एक किरकोळ फरक आहे. त्याचा निर्णयाशी काही संबंध नाही.

२५ जून, रविवार

पहिला शिक्का. आजपासून तेरा ऑगस्टपर्यंत बरोबर आठ रविवार आहेत, आणि पंचमी त्यानंतर तिसऱ्या दिवशी. एकही रविवार चुकवायचा नाही. घरी सांगितलं, कचेरीत काम आहे.

२ जुलै, रविवार

दुसरा. मोटारीत शेजारच्या माणसाच्या टोपलीतल्या कोंबडीनं माझ्या छत्रीची मूठ टोचून टोचून खराब केली.

येताना एक गोष्ट मनाशी स्पष्ट झाली. बोलावल्याशिवाय जावई जात नाही, हे खरं. पण कार्ड भरलं आणि मोताळ्यापर्यंतची फुकटची फेरी मिळाली, तर ती वाया घालवणं हा मूर्खपणा होईल. कोणी विचारलं तर सांगता येईल, आम्ही कोणाकडे आलो नाही, मोटार आली आणि आम्ही तिच्यात होतो. मुऱ्हाळीचाही प्रश्न येत नाही. पुष्पाला माहेर मिळेल आणि माझी मानही वाकणार नाही. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. हे पुष्पाला आधी सांगायचं नाही. कार्ड भरलं की तिच्या हातात ठेवीन.

९ जुलै, रविवार

तिसरा. बुलढाण्यात परतीच्या मोटारीला दोन तास असतात. मोताळ्याची मोटार तिथेच उभी राहते, म्हणून मी तिच्याजवळच्या बाकावर बसतो. तिथे सावली आहे. मोताळ्याचा एक धोतरवाला उतरला, त्याला सहज विचारलं, उत्तमराव कसे आहेत? म्हणाला, “बाबा आताशी घराभाईर निंगत नाही.”

म्हणजे जावयाकडेच नव्हे, आता गावाकडेही पाठ. माणसाला ताठा किती असावा!

११ जुलै, मंगळवार

आईनं दुपारी बाजूला घेऊन विचारलं, “खरं सांग बाबू, बुलढाण्याले तुहं काय हाये?”

मी म्हणालो, कचेरी.

“रविवारची?”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्या गावाच्या मात्र आलं होतं. चावडीवर चर्चा अशी की मास्तरनं बुलढाण्यात दुसरं घर केलंय. मी हसलो. पुष्पा चुलीपाशी होती. ती हसली नाही, आणि तिनं मला काही विचारलंही नाही. विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं. पण मग मजा गेली असती.

२३ जुलै, रविवार

चौथा मागच्या रविवारी झाला, आजचा पाचवा. हा सुखासुखी मिळाला नाही. चिखलीच्या अलीकडच्या ओढ्याला पाणी आलं आणि मोटार मधोमध फसली. उतरून ढकला म्हणाले. हेडमास्तरनं गुडघाभर गाळात उभं राहून मोटार ढकलली, वर्गातले दोन विद्यार्थी काठावरून बघत होते. मोटार निघाली, पण बुलढाण्याला न जाता चिखलीहूनच परत फिरवतो असं ड्रायव्हर म्हणायला लागला. मी ठाम सांगितलं, फेरी पुरी झाल्याशिवाय मी मोटारीतून उतरणार नाही. बाकीचे उतरून गेले. मी बसून राहिलो. तासाभरानं तो कंटाळला आणि मला एकट्याला घेऊन बुलढाण्याला गेला. कडूबा शिक्का मारताना म्हणाला, “मास्तर, एवढ्या जिद्दीनं तं लोकं काशीले जातात.”

३० जुलै, रविवार

सहावा. आज मोताळ्याची एक बाई भेटली. भाजी घेऊन बुलढाण्याला येते, बनाबाई नाव. तिला विचारलं, उत्तमराव दिवसभर करतात तरी काय?

“मोटार यायच्या टायमाले वसरीत येऊन बसतात. कोनी घरावरून गेलं का इचारतात, कोन? कोन हाये? मंग पुढं गेले वाटते, असं म्हनून आत जातात.”

येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घेणं हा पोलीसपाटलाचा स्वभाव. घराबाहेर निघणं सुटलं तरी हुकूमत सुटत नाही. एवढं लिहिलं, पण ती बाई ज्या आवाजात ते सांगत होती तो आवाज अजून कानात आहे. का ते कळत नाही.

४ ऑगस्ट, शुक्रवार

पुष्पानं ट्रंक काढून लुगडी उन्हात घातली आणि पुन्हा घडी करून आत ठेवली. तिनं वडिलांना दोन पत्रं लिहिली होती, उत्तर नाही. “बाबा असे नाहीत,” म्हणाली. “मले तं भेव वाटते, त्याईच्या डोळ्याचं काही झालं असन. दिवाळीले आलते तवा उंबरा चुकले होते.”

मी म्हणालो, डोळ्यांना काही झालेलं नाही. चिखलीच्या बाजारात माझ्याकडे टक लावून बघत होते.

मी जेवलो, शाळेत गेलो, मुलांना पाढे दिले. दुपारपासून माझंच वाक्य पाढ्यासारखं पुन्हा पुन्हा आठवतंय. टक लावून बघत होते. आणि ओळखलं नाही.

६ ऑगस्ट, रविवार

सातवा शिक्का. पण आज तो महत्त्वाचा नाही.

बनाबाईची वाट बघत बाकावर बसलो होतो. ती आली, टोपली उतरवली आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, “तुमी अमडापूरचे मास्तर न हो? बाबाचे जावई?”

मी हो म्हणालो.

“मंग मले काऊन इचारता, सोता काऊन येत नाही? त्याईले दिसत नाही आता. पौषापासूनच कमी झालतं. धोंड्यात हितल्या डाक्टरले दाखोलं, तो म्हने आता इलाज नाही.”

मी विचारलं, मग कोणाकडून पत्र का नाही लिहवून घेतलं?

“मी म्हनलं त्याईले, माही पोरगी लिवून देते. तं म्हनतात, नाही. जावई हेडमास्तर हाये, त्यानं सांगतलं अक्षर सुधरवा. ते पत्र माह्याच पोरीनं वाचून दाखोलं होतं. पाटी आनली हाये त्याईनं, आडव्या दोऱ्या बांधल्या. दोरीवर बोट ठेवून रोज सकाळी लिवतात. अक्षर सुधरलं का बोलावनं धाडतो, म्हनतात.”

समोर मोताळ्याची मोटार उभी होती. कंडक्टर घाट, राजूर, मोताळा, मलकापूर असं ओरडत होता. ती गेली. मग माझी आली आणि मी तिच्यात बसून अमडापूरला परत आलो. का परत आलो, हे लिहायला मला लाज वाटते. एकच रविवार राहिलाय, असं मनात होतं.

७ ऑगस्ट, सोमवार

एकच रविवार राहिलाय. तेराला शिक्का, सोळाला पंचमी. मानानं जाऊ, पुढच्या सीटवर बसून. त्या म्हाताऱ्या माणसालाही बरं वाटेल. इतके दिवस गेले, आणखी आठवड्यानं काय बिघडतं?

हे सकाळी लिहिलं. दुपारी चौथीच्या वह्या तपासायला घेतल्या आणि लाल शाईची दौत उघडवेना. वह्या तशाच ठेवल्या.

८ ऑगस्ट, मंगळवार

आज पुष्पानं विचारलं. आई देवळात गेली होती. पुष्पा समोर येऊन बसली आणि म्हणाली, “बुलढाण्याले कोन हाये, ते आज सांगा. मी रडनार नाही.”

मी सगळं सांगितलं. चिखलीचा बाजार, लाल शाई, हिरवं कार्ड, बनाबाई, पाटी. कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं ते बघितलंच नाही.

“माह्या बापाच्या पत्रावर शेरा मारला तुमी? शाळेतल्या पोरावानी?”

तिनं कार्ड माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं.

“अन् सात रविवार बुलढाण्यापर्यंत गेले. तथून घाट उतरला का मोताळा. सात खेपा बाकावर बसून राह्यले, अन् घाट उतरला नाही?”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, येत्या रविवारी कार्ड भरेल, मग पंचमीला जाऊ.

“तुमी या कार्ड भरून,” ती म्हणाली. “मी सकाळी जातो.”

आई परत आली तेव्हा पुष्पानं तिलाही तेच सांगितलं. आई म्हणाली, मुऱ्हाळी नाही, बोलावणं नाही, अशी कशी जाशील? पुष्पा म्हणाली, “आंधळ्या मानसानं मुऱ्हाळी कसं व्हावं, ते सांगा. मंग थांबतो.” आमच्या आईला बोलता न आल्याचं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

१० ऑगस्ट, गुरुवार, मोताळा

कालचं आज लिहितो.

काल सकाळी पुष्पा ट्रंक घेऊन अंगणात उतरली. मी त्याआधीच शाळेची किल्ली दुय्यम शिक्षकांकडे दिली होती, चार दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्जही ठेवला होता. आता कपाटातला माझा लग्नातला पटका डोक्याला गुंडाळला. मला तो नीट बांधता येत नाही, तरी गुंडाळला. तिच्या हातातून ट्रंक घेतली.

“आता हे काय?” तिनं विचारलं.

“मुऱ्हाळी. तुला न्यायला आलोय.”

ती हसली नाही, पण ट्रंक सोडली. आई दारात उभी होती. तिनं पुढे येऊन माझा पटका सोडला, पुन्हा नीट बांधला आणि पुष्पाच्या ओटीत नारळ घातला.

मोटारीच्या थांब्यावर हसू झालं. आधी अंबिका आली. कडूबा धावत आला, “मास्तर, थांबा न! आमची अर्ध्या घंट्यात येते. एकच शिक्का राह्यला तुमचा!” मी कार्ड त्याला देऊन टाकलं आणि आम्ही अंबिकेत चढलो. तो कार्ड हातात धरून बघतच राहिला. मागून कोणीतरी म्हणालं, नवराच मुऱ्हाळी, मग मास्तर, सासरा कोण? मी मान वळवली नाही. पटका सुटेल अशी भीती होती.

बुलढाण्याला मोटार बदलली. त्या बाकावर बसलो नाही. घाट उतरताना पुष्पानं माझ्या दंडाला धरलं होतं, वळणांमुळे असेल.

उत्तमराव ओसरीत बसले होते, अंग आणखी वाळलेलं, अंगरखा स्वच्छ. आमची पावलं ऐकून म्हणाले, “कोन? कोन हाये?”

पुष्पा पायरीवरच थांबली. मीच म्हणालो, “मुऱ्हाळी आहे, मामाजी. पुष्पाला घेऊन आलोय.”

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. त्यांत ती गेली. मी ट्रंक घेऊन उभा होतो. किती वेळ, माहीत नाही. नंतर त्यांनी हवेतच हात फिरवून मला शोधलं, डोक्यापर्यंत हात नेला, पटका चाचपला आणि म्हणाले, “बराबर बांधला. कोनी बांधला?” मी सांगितलं, आईनं. मग मी त्यांचे पाय धरले. माफी मागायची होती, पण ते म्हणाले, “आधी हातपाय धुवा, मास्तर. जेवल्यावर बोलू.” आणि जेवल्यावर त्यांनी कापसाचा, पावसाचा, साऱ्या गावाचा विषय काढला. त्या पत्राचा नाही. मी काढला की ते वळवत होते.

११ ऑगस्ट, शुक्रवार, मोताळा

आज सकाळी त्यांनी हाक मारली. “मास्तर, टपालातून कोरं कार्ड आनलं हाये. एक पत्र लिवून द्या. तीन महिने अडलं हाये.”

मी टाक घेऊन बसलो. कोणाला, म्हणून विचारलं.

“अमडापूरले. आमच्या जावयाले.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते भिंतीकडे तोंड करून, ताठ बसून सांगू लागले. चिरंजीव भगवानराव यांस उत्तमरावाचा आशीर्वाद. धोंड्याचं बोलावणं करायचं राहून गेलं, चूक आमची. डोळे गेले. चिखलीच्या बाजारात तुमचा रामराम ऐकला होता, पण कोण बोललं ते समजलं नाही, मागून घरी आल्यावर आवाज ध्यानात आला. तेव्हापासून मनाला लागून आहे. रागावू नये.

माझा हात थांबला. मी म्हणालो, “मामाजी, मी इथंच आहे. मला सांगा ना. चूक तर माझी…”

“तुमी लिवा,” ते म्हणाले. “मी जावयाले सांगून राह्यलो, लिवनाऱ्याले नाही.”

मी लिहू लागलो. डोळ्यांतलं पाणी कार्डावर पडलं, शाई पसरली. मी रडत होतो, आणि ते त्यांना दिसत नसलं तरी ऐकू येत असणार, कारण पुढचं वाक्य सांगायला ते थांबले. पुष्पानं माझ्यासमोर दुसरं कार्ड आणून ठेवलं. ते मी पहिल्यापासून पुन्हा लिहून काढलं, शेवटच्या ओळीपर्यंत. पंचमीला जेवायला अवश्य येणे. लेक इथेच आहे, वाट पाहत आहे, मीही.

पत्र दुपारच्या टपालात टाकलं. उद्या मी एकटा अमडापूरला परत जाईन. पंधराला झेंडावंदन आहे, तोवर ते पोचेल. पोचलं की लगेच निघेन.